ऑडिओ बफर 4096 वर? नको!

मा. संपादक,
स. न.

आपल्या तंत्रज्ञान पुरवणीत जुने व्हिडिओ गेम संगणकावर इम्युलेटरने (जुन्या गेमयंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमने) खेळण्याविषयीचा लेख वाचला. टीव्हीला जोडायच्या कॅसेटवाल्या गेमवर वाढलेल्या आमच्या पिढीला तो आवडणारच. मात्र ‘इम्युलेटरचा आवाज तुटत असेल तर ऑडिओ बफर 4096 वर ठेवा’ हा त्यातला सल्ला पटला नाही. माझे मिरजेत संगणक दुरुस्तीचे दुकान आहे, आणि असले उपाय निस्तरायला मशीन शेवटी माझ्याच टेबलावर येते.

बफर म्हणजे आवाजाचा आगाऊ साठा. 48000 हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला आवाजाचे 48000 नमुने (सॅम्पल) असताना, 4096 सॅम्पल म्हणजे 85 मिलिसेकंद. गेम सेकंदाला 60 फ्रेमने (चित्रांनी) पळतो. म्हणजे बटण दाबल्यावर मारिओ पाच फ्रेम वर चढणार आणि मग कुठे उडीचा आवाज येणार! पोरे सांगतात, “काका, कीबोर्ड अडकतोय.” कीबोर्ड बिचारा ठणठणीत असतो. त्यात आवाज आणखी उशिरा पोचवणारे ब्लूटूथ इअरफोन असले तर विचारायलाच नको.

म्हणून थेट 512 वर जाऊनही भागत नाही. बहुतेक इम्युलेटर एका फ्रेमचा आवाज एकदम तयार करतात, म्हणजे सुमारे 800 सॅम्पल. साठा त्याहून लहान असला की मधे खडखडाट ठरलेला. रेट्रोआर्क या इम्युलेटर चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये संगणकावर मूळची लेटन्सी (आवाजाचा उशीर) 64 मिलिसेकंद असते. तिथून थोडेथोडे खाली यावे आणि आवाज फाटू लागला की एक पायरी वर जाऊन थांबावे.

लेखात राहून गेलेली खरी गोष्ट वेगळीच आहे. निन्टेंडोचा 1983 सालचा फॅमिकॉम हा गेम कन्सोल सेकंदाला साधारण 60.1 फ्रेम काढायचा. आपला मॉनिटर 60 दाखवतो. मॉनिटरच्या तालावर गेम चालवला की फ्रेम कमी निघतात आणि त्यांच्याबरोबर दर सेकंदाला आवाजाचे जवळजवळ 80 सॅम्पल कमी पडतात. 4096 चा भरलेला साठासुद्धा मिनिटभरात रिकामा होतो आणि खरखर पुन्हा हजर! इथे ‘डायनॅमिक रेट कंट्रोल’ सुरू हवे. ते आवाजाचा वेग कानाला कळणार नाही इतपत कमीजास्त करून तूट भरून काढते.

राहिला संथ लॅपटॉप. तो फ्रेमच वेळेवर काढत नसेल तर बफर वाढवून काय होणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! चार्जर लावून पॉवर सेव्हिंग बंद करून पाहावे. पुष्कळदा तेवढ्यावर काम होते.

लेखाचा पुढचा भाग येणार आहेच, तेव्हा त्यात निदान तो 4096 चा आकडा दुरुस्त करावा, ही विनंती.

आपला एक वाचक,
मिरज