वादळ समुद्रात, कूज तासगावच्या घडात

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सविनय नमस्कार.

27 ऑक्टोबर 2019, लक्ष्मीपूजन. त्याच दिवशी अरबी समुद्रातलं 'क्यार' महाचक्रीवादळ झालं. ते आपल्या किनाऱ्याला लागलंच नाही, ओमानच्या बाजूला वळलं. पण तासगावात पाऊस हटेना आणि माझी दीड एकर द्राक्षबाग ऐन फुलोऱ्यात. चिखलात ट्रॅक्टर शिरेना, म्हणून पाठीवर पंप घेऊन आम्ही बापलेक फवारत राहिलो. तरी दावण्या हा बुरशीचा रोग आला, घड कुजले, उरल्यासुरल्याची गळ झाली.

"वादळं काय, पूर्वीही यायचीच," असं पंचनाम्याच्या वेळी ऐकावं लागलं. साहेब, यायची हे खरंच आहे. जगभरातली एकूण संख्या वाढलेली नाही, हेही शास्त्रज्ञच सांगतात. मात्र त्यांतल्या तीव्र वादळांचं प्रमाण वाढलंय. आणि आपला अरबी समुद्र तर वेगळाच निघाला. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 1982 ते 2019 ची वादळं तपासली. अलीकडच्या दोन दशकांत अरबी समुद्रातली चक्रीवादळं 52 टक्क्यांनी वाढली, बंगालच्या उपसागरातली 8 टक्क्यांनी घटली. हवा एका अंशाने तापली की सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरते. ते बाष्प कुठेतरी कोसळणारच.

माणसं वाचवता येतात, हे ओडिशाने दाखवलं. 1999 च्या महाचक्रीवादळात तिथे 10 हजारांच्या आसपास माणसं गेली. 2019 च्या 'फनी'आधी सुमारे 12 लाख लोक हलवले, बळी शंभराच्या आत राहिले. त्या राज्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. पण आपल्याकडे वादळाचा इशारा म्हणजे कोळ्यांनी होड्या किनाऱ्याला आणाव्यात, इथवरच. घाटावरच्या बागायतदाराला त्याच वेळी कोण सांगतं, की चार दिवस पाऊस आहे, छाटणी थांबवा?

पीकविम्याचंही तेच. पाऊस मोजणारं यंत्र महसूल मंडळाच्या गावी, माझ्या बागेपासून 9 किलोमीटरवर. तिथे कमी पडला म्हणून आमचाही कमीच धरला गेला. हातात कुजलेला घड घेऊन मी हे कोणाला पटवायचं?

मागणी दोनच. गावागणिक पर्जन्यमापक बसवा आणि विम्याचा हिशेब त्याच्यावर करा. आणि अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा दिसला की तासगाव, मिरज, पलूस, कवठेमहांकाळच्या बागायतदारांना छाटणी-फवारणीचा सल्ला त्याच दिवशी फोनवर पाठवा. सप्टेंबरात फळछाटणी सुरू होते. त्याआधी हे व्हायला हवं.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार
ता. तासगाव, जि. सांगली