आमच्या चिंगीला चार हात जागा हवी होती

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : घरच्या प्राण्यांच्या अंत्यविधीसाठी प्रत्येक नगरपरिषदेत जागा आणि माणूस नेमून देण्याबाबत

मा. महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या जुलैत आमची चिंगी गेली. गावठी कुत्री, तेरा वर्षांची. रिक्षा स्टँडमागच्या गटाराकडेला भिजत पडलेलं पिल्लू माझ्या मुलीनं दप्तरात घालून घरी आणलं, तेव्हा मुलगी दुसरीत होती. शेवटी चिंगीची मूत्रपिंडं निकामी झाली. बारा दिवस रोज सलाइन लावलं, पण रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं बिघडली की वाढणारं द्रव्य, उतरेना. तोंडात फोड आले, पाणीसुद्धा पोटात ठरेना. मुलगी पुण्याहून रात्रीच्या एसटीनं आली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरांना हो म्हटलं.

डॉक्टर घरीच आले. त्याआधी आईनं भाकरीचा पापुद्रा तुपात बुडवून चिंगीच्या तोंडाशी धरला. कुत्र्यानं कोरडी भाकर पळवली म्हणून तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावलेल्या नामदेवांची गोष्ट आईनं आम्हाला लहानपणी शंभरदा सांगितली असेल. त्या दिवशी ती काही बोलली नाही. चिंगीनं तूप तेवढं चाटलं, भाकरी राहू दिली. मग गुंगीचं इंजेक्शन. मग डॉक्टरांनी पुढच्या पायावरचे केस भादरून शीर शोधली. दोन रुपयांच्या नाण्याएवढी ती गुलाबी कातडी मला अजून दिसते. डोकं आईच्या मांडीवर होतं, ते जड झालं.

सायंकाळचे सात वाजले होते, बाहेर पाऊस. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. सोसायटीच्या आवारात खड्डा घ्यायचा तर बोअर तिथून पंधरा फुटांवर. सेक्रेटरी नाही म्हणाले, आणि त्यांचं बरोबर होतं. मी नगरपरिषदेत फोन लावला. पलीकडचा कर्मचारी जरा थांबून म्हणाला, "साहेब, सकाळी घंटागाडी येईल, तिच्यात द्या. पोत्यात बांधून द्या म्हणजे बरं." मी विचारलं, पुढे काय करता? "डेपोवर जातं." आवाज उतरला होता त्याचा. आपल्याकडे दुसरी सोयच नाही, हे त्यालाही सांगवत नव्हतं. त्याच्यावर माझा राग नाही.

तेरा वर्षं आम्ही तिचा परवाना काढला. गळ्यातला बिल्ला नगरपरिषदेचाच. रेबीजची लस एकदाही चुकवली नाही. ती जिवंत असेपर्यंत दप्तरी तिची नोंद होती. गेली त्या रात्री ती कचरा झाली.

महोदय, नंतर मी राज्यघटनेची बारावी अनुसूची काढून वाचली. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं आलेली ही १८ विषयांची यादी तुमच्या खात्याला पाठच असेल. १४ वा विषय दफनभूमी, स्मशानभूमी आणि विद्युतदाहिन्या. लगेच खाली १५ वा : कोंडवाडे आणि प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध. माणसाचं मरण १४ मध्ये बसतं, जनावराचं जगणं १५ मध्ये. जनावराचं मरण या दोन ओळींच्या फटीत पडलं आहे.

हा प्रश्न केवळ आमच्या डोळ्यांतल्या पाण्याचा असता तर मी लिहिलं नसतं. इंजेक्शन देऊन झोपवलेल्या प्राण्याच्या देहात ते औषध राहतं. पेंटोबार्बिटल हे झोपवण्याचं औषध दिलेला देह उघड्यावर पडला आणि घारींनी, गिधाडांनी किंवा दुसऱ्या कुत्र्यांनी खाल्ला, तर त्यांनाही विषबाधा होते. म्हणजे चिंगीला यातनांतून सोडवणारं औषध डेपोवर आणखी कुणाचा जीव घेऊ शकलं असतं. आणि उथळ पुरावं तर कुत्री उकरतात, विहिरी-बोअरच्या पाण्याचं भय राहतं.

मुंबई महापालिकेनं २०२३ मध्ये मालाडला पाइपच्या गॅसवर चालणारी प्राण्यांची दाहिनी सुरू केली. मोठ्या शहराला ते जमलं. आमच्यासारख्या गावांना लगेच दाहिनी द्या असं मी म्हणत नाही. जिल्ह्याला एक दिलीत तरी चालेल. पण पाण्यापासून लांब पाच-दहा गुंठे जागा, तारेचं कुंपण, खोल खड्डा घेणारा एक माणूस, एक झाकलेली गाडी आणि रात्रीही उचलला जाईल असा एक फोन, एवढं प्रत्येक नगरपरिषदेला बंधनकारक करता येईल. फी लावा, आम्ही भरू. मात्र रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी ती लावू नका. चौकातल्या कुत्र्याला रोज पोळी घालणाऱ्या म्हातारीनं पैसे कुठून आणायचे?

आमचं त्या रात्री निभावलं ते आमच्या दूधवाल्यामुळे. सकाळच्या रतिबाचा निरोप द्यायला त्याचा फोन आला, आणि मुलीचं रडणं ऐकून तो म्हणाला, "माझ्या बांधावर आणा तिला." बॅटरीच्या उजेडात आम्ही दोघांनी बाभळीखाली खड्डा घेतला. काळी माती फावड्याला चिकटून येत होती, खणू तेवढं पाणी भरत होतं. कमरेएवढं खोल गेल्यावर पाच किलो खडेमीठ पसरलं. आईच्या जुन्या नऊवारीत गुंडाळून तिला ठेवलं. मुलीनं बिल्ला काढून घेतला.

आता तो मळा प्लॉटिंगला निघाला आहे. दूधवाला परवा स्वतः सांगायला आला, दारातच उभा राहिला, आत येईना. आखणीची चुन्याची फक्की बाभळीपर्यंत आली आहे म्हणाला. तो गेल्यावर आईनं मला विचारलं, "मग आपल्या चिंगीला कुठं न्यायचं रे?"

मी तिला अजून काही सांगितलेलं नाही. तुमच्या उत्तराची वाट पाहतो.

आपला विश्वासू,
एका तालुक्याच्या गावातला नागरिक