निपाणीकरांनो, आभार!

ऑगस्ट 2019 च्या महापुरात वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ हायवेवर आलं आणि बेळगावहून कोल्हापूरला निघालेले आम्ही मायलेक निपाणीत अडकलो. हे आभार तेव्हापासून राहूनच गेलेत.

आईच्या इन्सुलिनच्या बाटल्यांभोवतीचा बर्फ कधीच वितळला होता. लाइटही सारखी जात होती. एका मेडिकलवाल्या दादांनी बाटल्या आपल्या फ्रिजमध्ये ठेवल्या, रात्री इन्व्हर्टर आहे म्हणून घरी नेल्या आणि सकाळी पावसात भिजत आईच्या हातात आणून दिल्या. पैसे विचारले तर म्हणाले, "फ्रिज काय, चालूच असतोय की!"

ट्रकांच्या रांगेत भाकरी, झुणका, ठेचा वाटणाऱ्या अक्का आणि कानडीत "ऊटा आयता?" (जेवण झालं का?) विचारत केळी देत फिरणारी पोरं, तुमचेही आभार. तमिळनाडूच्या एका ड्रायव्हरच्या डोळ्यांना ठेच्यानं धार लागली, तर अक्कांनी हसत हसत त्याला ताक आणून दिलं. 1956 पासूनचा सीमावाद त्या रांगेत कुणाला आठवला असेल असं वाटत नाही. ठेचाच तसा होता.

दादा, आई ठणठणीत आहे. गडबडीत तुमचं नाव विचारायचं राहिलं. हे वाचलंत तर कळवा, तिला तुम्हाला जेवायला बोलवायचंय.