समुद्र तापला म्हणजे वादळ आलंच असं नसतं

संपादक साहेब, नमस्कार.

चक्रीवादळाची बातमी आली की बहुतेक ठिकाणी एकच वाक्य वाचायला मिळतं, समुद्र तापला म्हणून वादळ उठलं. हे चूक नाहीये पण अर्धंच आहे, आणि उरलेलं अर्धं कुणी सांगतच नाही म्हणून हे पत्र.

पाणी साधारण २६.५ अंश सेल्सिअसच्या वर लागतं हे खरं. ते पण नुसतं वरवर नाही, ५० मीटर खोलपर्यंत तरी कोमट हवं, कारण वादळाचा वारा समुद्र घुसळतो आणि खालचं गार पाणी वर आलं की त्याचं इंधनच तुटतं. ओल्या हातावर फुंकर मारली की गार लागतं ना, पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं, तीच उष्णता वर ढग बनताना परत मोकळी होते आणि हवा अजून वर ढकलली जाते, मग खाली दाब कमी होतो आणि आजूबाजूची दमट हवा आत धावते. वादळ चालतं ते यावर.

पण मग विषुववृत्तावर पाणी बारा महिने गरम असून तिथे वादळं का होत नाहीत? कारण पृथ्वी फिरते त्यामुळे वाऱ्याला जे वळण मिळतं, ज्याला कोरिओलिस म्हणतात, ते तिथे जवळपास शून्य असतं. हवा आत येते आणि कमी दाबाचा खड्डा भरून टाकते, भोवरा काही धरत नाही. म्हणून बहुतेक वादळं विषुववृत्तापासून ५ अंश अक्षांशांच्या पलीकडेच जन्मतात. अपवाद आहेत, डिसेंबर २००१ मध्ये सिंगापूरजवळ वामेई वादळ जेमतेम दीड अंशावर तयार झालं होतं, पण असं फार क्वचित.

आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे वरचा वारा. खाली वारा एका दिशेला आणि १०-१२ किलोमीटरवर भलत्याच दिशेला जोरात असेल तर वादळाचा खांब उभाच राहत नाही, वरचा भाग वाहून जातो. जुलै-ऑगस्टमध्ये अरबी समुद्रात आणि बंगालच्या उपसागरात मोठी चक्रीवादळं कमी का, तर मुख्यतः यामुळेच, खाली मान्सूनचा पश्चिमेकडून येणारा वारा आणि वर पूर्वेकडून येणारा झोत. म्हणून तिथे मोसम मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरचा. एल निनोच्या वर्षी, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापतं तेव्हा, अटलांटिकमध्ये वादळं कमी होतात ती पण बरीचशी या वरच्या वाऱ्यामुळेच. दक्षिण अटलांटिकमध्ये तर वादळं जवळजवळ होतच नाहीत, मार्च २००४ मध्ये कातारिना नावाचं वादळ ब्राझीलच्या किनाऱ्यावर धडकलं तेव्हा जगभरचे हवामानवाले थक्क झाले होते.

दुसरं म्हणजे ती 'हुलकावणी'. वादळाने हुलकावणी दिली, अचानक मार्ग बदलला अशी हेडिंगं वाचली की खरंच वाईट वाटतं, जणू वादळाला स्वतःचं मन आहे. विषुववृत्ताजवळ तापून वर गेलेली हवा ३० अंश अक्षांशांच्या आसपास खाली उतरते, तिथे जास्त दाबाचे पट्टे तयार होतात आणि तिथून व्यापारी वारे पश्चिमेकडे वळत परत विषुववृत्ताकडे येतात. या चक्राची मूळ कल्पना जॉर्ज हॅडली या इंग्रज अभ्यासकाने १७३५ मध्येच मांडली होती. वादळ आधी बहुतेक वेळा या वाऱ्यांबरोबर पश्चिमेकडे जातं, मग जास्त दाबाच्या क्षेत्राची कड संपली की ध्रुवाकडे वळतं आणि पुढे पश्चिमी वाऱ्यात सापडून पूर्वेकडे फेकलं जातं. ते जास्त दाबाचं क्षेत्र थोडं सरकलं किंवा विरलं की मार्ग बदलणारच. २०२३ मध्ये फ्रेडी वादळ ऑस्ट्रेलियाच्या बाजूने निघून अख्खा हिंद महासागर ओलांडून मोझांबिकला पोचलं ते याच वाऱ्यांवर.

म्हणून विनंती एवढीच की वादळाच्या बातमीत वाऱ्याच्या वेगाबरोबर आणखी दोन ओळी टाका. वरचा वारा वादळाला साथ देतोय की तोडतोय, आणि जास्त दाबाचं क्षेत्र कुठे बसलंय. हवामान खात्यांच्या बुलेटिनमध्ये हे बहुतेक वेळा असतं, बातमी करताना नेमकं तेच गाळलं जातं. नकाशात वादळाच्या गोल चिन्हाशेजारी ते जास्त दाबाचं क्षेत्र पण दाखवलं तर उत्तमच.

आपला,
एक नियमित वाचक