उजनीची फिल्म उजनीकाठी दाखवू या

पुणे,
१२ नोव्हेंबर

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र मिळालं. वाचनालयाचं अनुदान एकदाचं जमा झालं हे वाचून जीव भांड्यात पडला. आईंच्या गुडघ्याचं काय झालं, ते तू लिहिलंच नाहीस. पुढच्या पत्रात आठवणीने कळव.

आज एका कामासाठी लिहितोय आणि त्यात मला तू हवा आहेस.

गेल्या आठवड्यात इथे एक माहितीपट पाहिला. मुठेपासून निघून मुळा-मुठा, मग भीमा आणि शेवटी उजनी, असा पाण्याचा माग काढत गेलेली फिल्म. संगमाजवळचा फेस दिसतो, रांजणगाव सांडसला भीमेत मिसळणारं पाणी दिसतं आणि मग तुमचं बॅकवॉटर सुरू होतं. रोहित पक्ष्यांचे थवे फार सुंदर टिपलेत. पण माझी नजर खिळून राहिली ती होडीतल्या एका आजीवर. जाळं ओढून ती मासे टोपल्यात टाकत होती. एक चिलापी, दुसरी चिलापी, तिसरीही चिलापीच. "मरळ घावायची, वाम घावायची. आता हीच," एवढंच बोलली आणि जाळ्यात अडकलेली जलपर्णी तोडत बसली. एका प्रसंगात पाणी उतरल्यावर उघडं पडलेलं पळसदेवचं जुनं देऊळ आहे. तिथे एक आजोबा चिखलात उभे राहून कुणाचं घर कुठे होतं, चावडी कुठे होती, ते बोट करून दाखवतात. धरण १९८० साली पूर्ण झालं, पण त्यांच्या डोळ्यांपुढे अजून सगळं गाव उभं आहे.

हॉलमध्ये सगळे पुण्याचेच. आजी मराठीत बोलते आणि निवेदन मात्र इंग्रजीत! आपल्या शहराचं सांडपाणी कुठे जातं हे पुणेकरांनी पाहिलं, ते उत्तमच झालं. इथे पर्यावरणाचे माहितीपट बघायला मिळतात. किर्लोस्कर वसुंधरा महोत्सव २००७ पासून भरतोय, तो इतर शहरांतही जातो. पण ज्यांच्या जाळ्यात हे पाणी येतं, त्यांच्यापर्यंत त्यांचीच फिल्म पोचत नाही, याचा मला मनापासून त्रास होतो. 'द एलिफंट व्हिस्परर्स' या माहितीपटाला २०२३ मध्ये ऑस्कर मिळालं. तीही नेटफ्लिक्सचे पैसे भरणाऱ्याच्याच घरात दिसते.

फिल्म पाहून काय होणार, असं तू विचारशील. गुजरातच्या किनाऱ्याचं उदाहरण घे. तिथे देवमुशीची, म्हणजे व्हेल शार्कची, सर्रास शिकार व्हायची. माइक पांडे यांनी त्यावर 'शोअर्स ऑफ सायलेन्स' हा माहितीपट केला. तो २००० साली आला आणि २००१ मध्ये हा मासा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेला. कायदा दिल्लीत झाला, तरी जाळं किनाऱ्यावरच्या कोळ्याच्याच हातात होतं. २००४ पासून तिथे मोहीम निघाली. रामकथाकार मोरारी बापूंनी लोकांना त्यांच्याच भाषेत सांगितलं की हा मासा म्हणजे माहेरी बाळंतपणाला आलेली लेक आहे. पुढे कोळी स्वतःचं महागडं जाळं कापून मासा सोडू लागले, आणि फाटलेल्या जाळ्याची भरपाईही मिळू लागली. मला यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. फिल्म अधिकाऱ्यांनी पाहिली की कागद हलतो, पण काठावरच्या माणसाशी कुणीतरी बसून बोलावंच लागतं.

म्हणून मी फिल्म करणाऱ्या मुलीला भेटलो. ती आनंदाने तयार आहे. दाखवण्याची लेखी परवानगी देते म्हणाली, आणि सेन्सॉरचं प्रमाणपत्रही तिच्याकडे आहे. तिची एकच अडचण आहे, मराठी निवेदनाची. संहिता मी मराठीत करतो, पण ती वाचायची तू. पुण्याच्या रेडिओचा आवाज तिथे नको. आजीला आपल्यातलाच कुणीतरी बोलतोय असं वाटलं पाहिजे.

पहिला खेळ तुझ्या शाळेत करू. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शाळांना सवलत आहे. शाळेच्या उपक्रमात विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेशी संबंधित माणसं एवढाच प्रेक्षक असेल, तर चित्रपट दाखवता येतो. ही तरतूद आपण वापरतच नाही. पुढेमागे दुसऱ्या फिल्म मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना दाखवायच्या, तर हाच रस्ता आहे. वाचनालयात सगळ्या गावासाठी दाखवायची असेल, तर मात्र दर वेळी करणाऱ्याची परवानगी घ्यायची. बहुतेक जण देतात, फक्त विचारावं लागतं.

प्रोजेक्टर आणि स्पीकर मी आणतो. पडद्याला पांढरी चादर चालेल, पण ती वरून-खालून ताणून बांध, नाहीतर वाऱ्याने आजीचं तोंड हलत राहील. अंधार पडल्यावरच सुरू करू. सप्ताह आणि बाजाराचा दिवस सोडून तारीख धर. विजेचा भरवसा नाही, तेव्हा कुणाचा इन्व्हर्टर मिळतो का बघ. ऊसतोडीची माणसं कोप्यांवर आली असतील, त्यांच्या पोरांनाही बोलव. ती रोज त्याच पाण्याकाठी असतात.

फिल्म संपल्यावर भाषण नको. सरपंचांनाही आधीच सांगून ठेव. लोकांना बोलू दे. फिल्ममध्ये काय चुकलंय, काय राहिलंय, हे मासेमारांइतकं कुणी सांगू शकणार नाही, आणि त्या मुलीला तेच ऐकायचंय. ते बोलणं रेकॉर्ड करून इथे पुण्यात, त्याच हॉलमध्ये, त्याच लोकांना ऐकवायची माझी फार इच्छा आहे.

मुख्याध्यापकांशी बोलून महिनाअखेरच्या दोन-तीन तारखा कळव. संहितेची पहिली पानं सोमवारी टपालात टाकतो. जिथे भाषा पुणेरी वाटेल तिथे बिनधास्त काट मार. वहिनींना नमस्कार सांग, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत