डेनहोम एलियटना एका ओळीत उरकू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ब्रिटिश चित्रपटांवरील आपल्या रविवारच्या लेखात ब्रिटिश नट डेनहोम एलियट यांच्या वाट्याला 'इंडियाना जोन्सचा मित्र' एवढेच शब्द आले. तेही अर्धेच खरे. त्यांनी रंगवलेला हा मित्र, मार्कस ब्रॉडी, इंडियाना जोन्स मालिकेतल्या १९८१ आणि १९८९च्या चित्रपटांत आहे. मधल्या १९८४च्या चित्रपटात तो नाहीच. शिवाय पहिल्या खेपेचा पोक्त, जाणता ब्रॉडी १९८९मध्ये चक्क विनोदी करून टाकला. परक्या बाजारात इंग्रजी बोलणारा माणूस शोधत फिरणारा तो ब्रॉडी लोकांच्या लक्षात राहिला आणि आधीचं सगळं काम झाकलं गेलं.

जन्म १९२२, लंडन. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश हवाई दलात होते. १९४२ मध्ये विमान पडलं आणि उरलेलं युद्ध जर्मनांच्या कैदेत गेलं. तिथल्या छावणीतही त्यांनी नाटकं केली. पुढे 'ट्रेडिंग प्लेसेस', 'अ प्रायव्हेट फंक्शन' आणि 'डिफेन्स ऑफ द रेल्म' यांसाठी सलग तीन वर्षं सहायक अभिनेत्याचं बाफ्टा (ब्रिटिश चित्रपट अकादमीचं) पारितोषिक मिळालं. 'अ रूम विथ अ व्ह्यू'साठी ऑस्करचं नामांकन होतं. ऑस्करची बाहुली मात्र मायकेल केन घेऊन गेले. गंमत म्हणजे केन यांच्याच 'अल्फी'मध्ये (१९६६) चोरून गर्भपात करणाऱ्याची छोटीशी भूमिका करून एलियट अंगावर काटा आणतात. लहान मुलं, कुत्री आणि डेनहोम एलियट यांच्यासोबत काम करू नये, हे त्यांचे सहकलाकार गेब्रियल बर्न यांचं म्हणणं प्रसिद्धच आहे.

हे लिहायचं कारण ठाण्यातल्या एकांकिकांच्या तालमी. 'ट्रेडिंग प्लेसेस'मध्ये एलियट यांच्या बटलर कोलमनला, नोकरी टिकवायची म्हणून, दारात आलेल्या आपल्याच मालकाला ओळख नाकारावी लागते. आपल्याकडचा होतकरू नट इथे हमखास आवंढा गिळतो, नजर पाडतो, हात चोळतो. प्रेक्षक मग नोकराकडे बघत बसतात आणि मालकाची फजिती वाया जाते. एलियट बटलरची शिस्त मोडत नाहीत. आतली लाज प्रेक्षकांना प्रसंगावरूनच कळते.

हा प्रवेश मुलांना तीनदा दाखवावा. एकदा सरळ. मग आवाज बंद करून, जो बोलत नाही त्याच्यावरच नजर ठेवून. शेवटी पडदा झाकून नुसतं ऐकवावं, म्हणजे वाक्य कुठे तोडलंय आणि श्वास कुठे घेतलाय ते कानाला कळतं. नक्कल मात्र तशीच्या तशी रंगमंचावर नेऊ नये. कॅमेऱ्यापुढे भुवई पुरते. गडकरी रंगायतनच्या शेवटच्या रांगेला ती दिसत नाही, तिथे मान आणि खांदे लागतात. समोरच्याच्या वाक्याचं शेवटचं अक्षर पडेपर्यंत मान हलवायची नाही. आधी हलली की हशा तिथेच कापला जातो, आणि तो का आला नाही हे मुख्य नटाला कळतसुद्धा नाही.

स्पर्धांच्या परीक्षकांनाही एक विनंती: सहायक भूमिकेचे गुण देताना त्या नटाला संवाद नसलेल्या जागांवर वेगळी खूण करावी. रडारडीच्या स्वगताला पारितोषिक देण्याची आपली सवय जुनी आहे.

— एकांकिका बसवणारे दोन वाचक, नौपाडा, ठाणे