त्या दोघींना थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं

२ वर्षं योनीच्या तोंडाशी जळजळ, सुया टोचल्यासारखं, जीन्स घालून बसायची सोय नाही, नवऱ्याजवळ जायचं म्हटलं की आधीच अंग आखडायचं. इन्फेक्शन समजून किती क्रीम्स झाली, रिपोर्ट दरवेळी नॉर्मल, आणि एका डॉक्टरांनी तर "मनाचे खेळ आहेत" म्हणून वाटेला लावलं.

मग ज्या फिजिओथेरपिस्ट ताई भेटल्या त्यांनी पहिल्या दिवशी हातच लावला नाही, नुसतं ऐकलं. पुढच्या वेळी कापूस लावलेली काडी घड्याळाच्या आकड्यांसारखी एकेका जागी हलकेच टेकवत कुठे किती दुखतं ते विचारलं, आणि आधीच सांगितलं, "हात वर केलात की मी थांबणार." खरंच थांबल्या, तीनदा! त्यांच्याकडूनच कळलं की ३ महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या, नेमकं कारण न सापडणाऱ्या या दुखण्याला व्हल्व्होडायनिया म्हणतात, आणि दुखेल या भीतीने ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळले जातात, आवळले की अजून दुखतं. म्हणून पोटातून श्वास, स्नायू सैल सोडायला शिकणं (मी नेटवर बघून उलट आवळायचेच व्यायाम करत बसले होते, काय बोलणार), मग सावकाश डायलेटर (योनीला हळूहळू सवय व्हावी म्हणून आत घालायच्या, लहानापासून मोठ्या आकाराच्या गुळगुळीत कांड्या).

त्यांनी समुपदेशक मॅडमकडे पाठवलं तेव्हा वाटलं, झालं, परत मनाचे खेळ. पण मॅडम म्हणाल्या, "दुखणं खरंच आहे, आपण त्याच्या भीतीवर काम करू." मी तिथेच रडले आणि त्यांनी घाई न करता रडू दिलं.

पूर्ण गेलंय असं नाही, पण परवा अख्खा सिनेमा बसून पाहिला. ताई, मॅडम, खूप खूप थँक्यू.